मी बसलो की बघा

मी एक जुना हुंगणारा कुत्रा आहे. किती जुना, ते माझ्या कमरेला विचारा. उठताना ती माझ्या आधी कण्हते. तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत, डावा डोळा धुरकटला आहे. पण नाक? नाकाला म्हातारपणाचा पत्ता अजून सापडलेला नाही. मित्रांनो, माझ्याविषयी एक तक्रार तुमच्या कानावर येईलच, म्हणून ती मीच आधी सांगतो. हा कुत्रा हट्टी आहे, एकदा बसला की उठत नाही, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. बसणे आणि न उठणे हेच माझे काम होते, आणि ते मी कधीही लाजून केले नाही.

माझा जन्म श्वानपथकाच्या आवारात झाला. आम्ही भावंडे पुष्कळ होतो, एकमेकांच्या अंगावर लोळण्यात आमचा दिवस जायचा. एकदा एक तरुण हवालदार आला, त्याने आमच्यासमोर एक गुंडाळलेला जुना टॉवेल टाकला आणि कमरेवर हात ठेवून पाहत उभा राहिला. माझी भावंडे टॉवेलाशी जरा झटापट करून आईच्या कुशीत परत गेली. मी मात्र धरला तो धरलाच. त्याने ओढला, मी ओढला. त्याने मला टॉवेलासकट हवेत उचलले, तरी मी लोंबकळत राहिलो. तो हसत म्हणाला, "हे येडं माझं." त्या दिवसापासून आम्ही जोडी झालो. पथकात कुत्रा आणि त्याला फिरवणारा माणूस यांना जोडीच म्हणतात. म्हणून मी त्याला मनातल्या मनात जोडीदार म्हणतो. मालक-बिलक म्हणायला मला जमत नाही.

मग शाळा सुरू झाली. टॉवेलाला एका झाडाचा वास लावलेला असे. ओले गवत, लिंबाची साल आणि बरेच दिवस न उघडलेले कपाट, असा काहीसा तो वास. माणसे त्या झाडाला गांजा म्हणतात. पथकातल्या कुणाला स्फोटकांचा वास शिकवत, कुणाला हरवलेल्या माणसाचा. माझ्या वाट्याला हे झाड आले. खोकी ओळीने मांडलेली असत, एकातच तो वास लपवलेला असे. सापडला की भुंकायचे नाही, उकरायचे नाही, गपचूप त्याच्यासमोर बसायचे. बसलो की वरून टॉवेल उडत यायचा आणि आमची ओढाओढ सुरू व्हायची. हे झाड चांगले की वाईट, हे मला कुणी कधी शिकवले नाही. ते कुठे आहे, एवढेच मला सांगायचे होते.

मोठा झाल्यावर आमची नेमणूक पार्सलच्या गोदामात झाली. तिथे दिवसभर रबरी पट्टा फिरायचा, त्यावरून खोकी यायची. चिकटपट्टीचा, पुठ्ठ्याचा, माणसांच्या घामाचा वास छतापर्यंत भरलेला. त्या गर्दीत लोक माझे झाड लपवून पाठवायचे. कॉफीत पुरायचे, साबणात कोंबायचे, वंगणात बुडवायचे. एकदा तर एका बाहुलीच्या पोटात भरून पाठवले होते. मी बसायचो. गोदामातल्या हमालांनी माझे नावच ठिय्या ठेवले. "ठिय्या बसला रे!" अशी आरोळी उठली की पट्टा थांबायचा.

एकदा मी एका चकचकीत पेटीसमोर बसलो. मागून धावत एक अधिकारी आला. "अरे उठव त्याला! मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांची पेटी आहे ती."

जोडीदार म्हणाला, "साहेब, त्याला वाचता येत नाही हो. पेटी कुणाची, ते त्याला कळत नाही."

"मग तुला तर कळतं ना!"

"मला कळतं, पण बसलाय तो."

पेटी उघडावी लागली. आत काय निघाले ते सांगत नाही, पण त्यानंतर मोठ्या साहेबांकडे ते पाहुणे परत आले नाहीत.

आणखी एक दिवस मला आठवतो. चाकांच्या खुर्चीवरून एक बाई आपले पार्सल न्यायला आली होती. कुठल्याशा मज्जातंतूंच्या आजाराने तिचे पाय काठीसारखे ताठ झाले होते. मी तिच्या खोक्यासमोर बसलो. लोक कुजबुजू लागले. जोडीदाराने कागद पाहिले, रुग्णालयाला फोन लावला, सगळे कायदेशीर निघाले. आखडलेले स्नायू सैल व्हावेत म्हणून याच झाडापासून केलेले औषध डॉक्टरांनी तिला दिले होते. जोडीदार ओशाळून म्हणाला, "माफ करा, काकू. आमचा उगाच बसला."

"उगाच कसा? औषध आहेच की त्यात!" ती म्हणाली. "त्यानं त्याचं काम केलं, तुम्ही तुमचं केलंत. बघितलंत, विचारलंत, संपलं."

मित्रांनो, हे नीट ऐका. मी बसलो म्हणजे कुणी चोर ठरत नाही. मी बसलो म्हणजे एवढेच, की इथे बघा. त्यापुढचे डोके माणसाने चालवायचे असते.

पुढे माझी कंबर गेली. पट्ट्यावर उडी मारताना मागचे पाय मागेच राहू लागले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, गळ्यात एक पदक पडले. जोडीदाराने मला घरी नेले. पदक कुठल्याशा खणात गेले. नाक मात्र माझ्याबरोबरच राहिले, आणि त्याचे आता काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

घर तळमजल्यावरचे. आत शिरताना एक अरुंद बोळ, तिथे स्कूटर उभी. मग बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. जोडीदाराच्या बायकोला पथकातले सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनी म्हणतो. दोन मुले. थोरली नुकतीच कॉलेजात गेलेली, स्कूटरची किल्ली बोटात गरगर फिरवत चालणारी. धाकटा शाळेत, सतत काहीतरी हरवणारा. पहिल्याच दिवशी थोरली माझ्याशेजारी फरशीवर आडवी झाली आणि माझ्या पोटावर डोके ठेवून तिने अख्खा धडा वाचून काढला. मला तो धडा फार आवडला.

पण घरात आणखी एक वास होता, तो मला कुणी शिकवलेला नव्हता. वहिनी आजारी होती. कॅन्सर. रुग्णालयात तिच्या शिरेतून औषध सोडत, आणि घरी आली की ती आठवडाभर न्हाणीघरात बसून ओकत असे. कांदा परतल्याचा वास तिला सोसेना, म्हणून घरात फोडणी बंद झाली. ती इतकी वाळली की अंगावर कपडे लोंबू लागले. उलट्या थांबवायच्या गोळ्या दिल्या, बदलून दिल्या, उपयोग होईना. थोरलीच्या खोलीची भिंत न्हाणीघराला लागून. भिंतीपलीकडे आई ओकत असली की थोरली उशी कानांवर दाबून धरायची. हे फक्त मला दिसायचे, कारण मी तिच्या पलंगाखाली असायचो.

एका संध्याकाळी मी फ्रिजसमोर जाऊन बसलो.

"काय रे, पेन्शनर? भूक लागली?" जोडीदार हसला. मी हललो नाही. माझ्या बसण्याचा अर्थ त्याला ठाऊक आहे. त्याचे हसू मावळले. त्याने फ्रिज उघडला, दुधाच्या पातेल्यामागे हात घातला आणि एक छोटी तपकिरी बाटली बाहेर काढली.

वहिनी दारात उभी होती. "मी सांगणारच होते तुम्हाला."

"कधी? मेल्यावर?"

"मेल्यावर कशाला? जगायला घेतलंय मी ते."

"अगं, हे काय आहे ते कळतंय का तुला? मी आयुष्यभर हेच—"

"हेच पकडलंत. माहीत आहे मला. म्हणून तर दुधामागे ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, रुग्णालयाच्या दुकानातून आणलंय, वर शिक्का आहे. चष्मा लावा आणि वाचा. आणि अहो, काल मला चार घास गेले. गेले आणि राहिले. ते बघितलंत का तुम्ही?"

जोडीदाराने तिथेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर लावला. "तुम्ही माझ्या बायकोला गांजा देता?"

"मी तुमच्या बायकोला जेवू घालायचा प्रयत्न करतेय," पलीकडून शांत आवाज आला. "बाकीची औषधं हरली, म्हणून हे. त्या झाडात शंभर गोष्टी असतात. त्यातल्या एकीनं डोकं गरगरतं, पण तीच मळमळ थांबवते आणि भूक लावते. दुसरी एक आहे, तिनं नशा चढत नाही. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर ती आम्ही वापरतो. इथे मापून दिलेलं आहे. थेंब म्हणजे थेंब."

"आणि कॅन्सर बरा होतो म्हणे यानं? शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर आलं होतं," वहिनीने मधेच विचारले.

"नाही होत. काकूंना माझा नंबर द्या. हे फक्त तुम्हाला जेवू देईल, झोपू देईल. आणि फुकट काही देणार नाही, तेही ऐका. तोंड कोरडं पडेल. गुंगी येईल, म्हणून पटकन उठायचं नाही आणि गाडी तर अजिबात चालवायची नाही. छाती धडधडली, भीती वाटली, तर लगेच मला सांगायचं. घरात मुलं आहेत ना?"

"दोन."

"मग कुलपात ठेवा. विशी-पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो. त्या वयात नादाला लागलं की लक्ष, आठवण, मनाचा तोल, सगळ्यालाच धक्का बसू शकतो. सगळ्यांना बसतो असं नाही, पण कुणाला बसेल ते आधी सांगता येत नाही."

फोन ठेवल्यावर जोडीदाराने चष्मा लावून बाटलीवरचा शिक्का वाचला. मग त्याने कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला, बाटली आत ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली वहिनीच्या हातात दिली. "घे. पण मोजून."

"मी स्वयंपाकात मीठ कधी मोजून घातलं नाही," वहिनी म्हणाली, "पण हे मोजेन."

वहिनी सावरू लागली. उलट्या संपल्या नाहीत, पण मधे मधे जेवणाला जागा मिळू लागली. एका दुपारी घरात पुन्हा कांदा परतला गेला आणि धाकटा टाळ्या वाजवत नाचला. मी या सगळ्यावर खूश होतो. तरीही रोज संध्याकाळी बाटली उघडली की मी कपाटासमोर जाऊन बसायचो. तिथे ते झाड होते. मी कसा न बसेन? वहिनी हसून म्हणायची, "आले बघा आंदोलक." धाकटा घोषणा द्यायचा. जोडीदार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "राहू दे रे. आपलंच आहे."

इथे चूक झाली, मित्रांनो. ती माझी नाही, आणि मी ती माझ्या अंगावर घेणारही नाही. नोकरीत मी बसलो की पट्टा थांबायचा. घरात मी बसलो की "राहू दे" व्हायचे. दुसऱ्या कुठल्या घरात हे झाले असते तर नवल नव्हते. पण मी बसलो म्हणून ज्या माणसाने साहेबांच्या पाहुण्यांनाही सोडले नाही, तोच माझ्या बसण्याकडे पाहून हसायला शिकला.

मग एक दिवस मी थोरलीच्या बॅगेसमोर बसलो.

थोरली दचकली. ती काही बोलणार, इतक्यात जोडीदारच म्हणाला, "अगं, आईची बाटली तूच आणतेस ना रुग्णालयातून? वास मुरला असेल बॅगेला."

"हो. तेच," थोरली म्हणाली. "राहू दे रे, ठिय्या."

पण ते तेच नव्हते. बाटलीचा वास तेलकट असतो, थंड असतो. हा जळका होता, घशात खरवडणारा, आणि त्यात अनोळखी बोटांचा घाम होता. मला फरक कळत होता. पण दोन वासांसाठी बसायच्या दोन तऱ्हा मला कुणी शिकवल्या नव्हत्या. मला एकच बसणे येते. मी ते केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. तिच्या दारात बसलो, तिच्या चपलांसमोर बसलो. जेवायची थाळी वाजली तरी गेलो नाही. धाकटा म्हणाला, "ताई, तो तुझ्यासाठी उपोषण करतोय." कुणी उठून बघितले नाही.

थोरली बदलत होती. आधी नुसती हसायची, कशालाही, खूप वेळ. मग हसणे गेले. गॅसवर पाणी ठेवून विसरायची. पुस्तक उघडे ठेवून एकाच पानाकडे पाहत बसायची. बसमधले लोक आपल्याबद्दल बोलतात, असे ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती. ते मी पलंगाखालून ऐकले. माझ्या पोटावर डोके ठेवणे तर कधीच बंद झाले होते. आता ती मला खोलीबाहेर ढकलायची आणि दार लावता लावता म्हणायची, "चुगलखोर कुठला!"

हे मला लागले. मी कुत्रा आहे, दगड नाही. पण लागले म्हणून मी बसायचे सोडले असते, तर मी कसला ठिय्या? तिने दार लावले, मी दाराबाहेर बसलो. तिने मला पायाने सरकवले, मी सरकून तिथेच परत बसलो. घरातल्या एका लेकराच्या डोक्यावरून पाणी चालले होते आणि ते फक्त मला दिसत होते. मला शब्द येत नाहीत. बूड टेकता येते. ते मी टेकले.

आणि एक सकाळ आली. धाकट्याची परीक्षा होती, त्याची बस चुकली होती. थोरली त्याला स्कूटरवरून सोडणार होती. ती जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या दाराशी जाऊन आली होती. खाली आली आणि घटाघटा पाणी प्यायली; अंगाला तोच जळका वास. धाकटा मागच्या सीटवर चढला, दप्तर छातीशी धरले. थोरलीने बॅग खांद्याला अडकवली, किल्ली फिरवली. आणि मी बोळात, पुढच्या चाकासमोर जाऊन बसलो.

"बाबा, याला घ्या ना बाजूला! उशीर होतोय."

"ठिय्या, ऊठ," जोडीदार म्हणाला.

मी उठलो नाही.

"ऊठ म्हणतो ना!" हा त्याचा कामावरचा आवाज. या आवाजासाठी मी आयुष्यभर आगीच्या तोंडी गेलो असतो. मी त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि पुढचे पायही पसरले. त्याने गळपट्टा धरून ओढले. मी अंगाचे सगळे ओझे जमिनीला देऊन टाकले. माझी नखे फरशीवर खरडली, कमरेतून कळ निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा हुकूम मोडत होतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"म्हातारा झाला हो," थोरली म्हणाली. "बॅगेला आईच्या बाटलीचा वास येतोय, तेवढंच. रोजचं आहे त्याचं."

"थांबा."

दारात वहिनी होती. डोक्याला रुमाल, अंगात ढगळ गाऊन. ती थोरलीच्या अगदी जवळ गेली आणि तिच्याकडे पाहत राहिली. "जीभ का फिरवतेस ओठांवरून?"

"तहान लागली होती."

"आत्ताच तांब्याभर प्यायलीस."

"आई, उकडतंय."

"अगं, हे कोरडं तोंड माझ्याकडे रोज संध्याकाळी मुक्कामाला येतं. मला तू सांगणार उकडतंय?" वहिनी वळली. "अहो, माझी बाटली कपाटातून काढा आणि शेजारी काकूंच्या हातात द्या. ही बॅगही तिकडेच द्या. घरात माझ्या औषधाचा थेंब राहायला नको. मग याला शोधू द्या. गोदामात करता तसं."

जोडीदार जागचा हलला नाही. "कशाला उगाच..."

"कारण तो बसलाय!" वहिनीचा आवाज चिरकला. "तुमचा साहेब आला तेव्हा तुम्ही उठवलं नाहीत त्याला. आज पोरगी आली तर उठवताय?"

बाटली गेली. बॅग गेली. दारे-खिडक्या उघडल्या. जोडीदाराने माझ्या मानेवर हात ठेवला. हळूच म्हणाला, "शोध."

किती दिवसांनी ऐकला तो शब्द! कमरेचे दुखणे कुठल्या कुठे गेले. मी बोळाच्या टोकापासून सुरुवात केली. चपला पाहिल्या, सोडल्या. छत्री, सोडली. धाकट्याचे दप्तर, त्यात एक जुनी शिळी पोळी होती, तरी सोडले. स्कूटर सोडली. कपाटावरून सरळ पुढे गेलो. तिथे आता काही नव्हते. मग फिरून आलो आणि थोरलीच्या समोर, तिच्या जाकिटाच्या खिशाला नाक लावून, बसलो.

धाकटा सीटवरून उतरला आणि म्हणाला, "मी चालत जातो. खरंच, मला चालत आवडतं." बाटली-बॅग घ्यायला आलेल्या काकू बिचाऱ्या त्याला घेऊन शाळेकडे निघाल्या.

थोरलीने खिशातून कागदाची एक चुरगळलेली पुडी काढून जमिनीवर टाकली. मग ती ओरडली, "मग? आई घेते ते चालतं! मी घेतलं की पाप? एकच झाड आहे ना?"

जोडीदाराचा हात वर गेला. वहिनीने तो मधेच धरला.

"झाड एकच आहे," ती म्हणाली. "मी आजारी आहे म्हणून घेते. कुणीतरी मोजून दिलंय, कुणीतरी रोज विचारतंय की धडधडतंय का, भीती वाटते का. तुला कोण विचारतंय? ती पुडी विकणारा? आणि मी ते थेंब घेऊन स्कूटरला हात तरी लावते का गं? तू माझं लेकरू मागे बसवून निघाली होतीस." तिला दम लागला. ती पायरीवर बसली. "माझ्या आजारपणात माझ्यापाशी ये. माझ्या औषधाच्या आड लपू नकोस."

थोरलीही फरशीवर बसली. जोडीदारही भिंतीला टेकून खाली बसला. आमचे अख्खे घर त्या बोळात जमिनीवर बसलेले, मित्रांनो. असा ठिय्या मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"झोप लागायची नाही," थोरली रडत सांगू लागली. "भिंतीतून तुझा आवाज यायचा. मला वाटायचं, आज तू जाणार. मैत्रीण म्हणाली, यानं झोप लागते. लागली पण. मग त्याच्याशिवाय लागेचना. आता ते घेऊन झोप येते पण भीती जात नाही. बसमध्ये सगळे माझ्याकडे बघतात. पेपर समोर आला की आठवतच नाही काही. मला सोडायचंय, आई. मी दोनदा सोडलं."

जोडीदार म्हणाला, "मी लोकांच्या पोरांच्या बॅगा उघडत फिरलो." तेवढेच. मग त्याने फोन काढला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. या वेळी तो भांडला नाही. थोरलीने सांगितलेले सगळे सांगून "मुलीसाठी कुणाला भेटू?" असे विचारले.

त्या म्हणाल्या, "आधी तिला ओरडू नका. ही सवय सुटते. चिडचिड होईल, झोप उडेल, स्वप्नं पडतील; ते ओसरतं. पण लोक आपल्याबद्दल बोलतात असं तिला वाटतंय ना, त्यासाठी वाट बघत थांबायला नको. आजच मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. लवकर आलात, हे बरं झालं."

लवकर कुठले? मी किती दिवस बसलो होतो! पण असू दे.

मित्रांनो, आता माझे म्हणणे ऐका आणि मग जा. त्या झाडाला कुणी शिव्या देतात, कुणी डोक्यावर घेऊन नाचतात. मी दोघांवरही गुरगुरतो. मी त्याचा वास तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घेतला आहे. त्याच झाडाने माझ्या वहिनीला चार घास दिले आणि त्याच झाडाने माझ्या थोरलीची झोप नेली. कुणाला, किती, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नका. आणि तुमच्या घरात कुणी असे न बोलता तुमच्या दारात बसून राहत असेल, आई असेल, भाऊ असेल, जुना मित्र असेल, तर त्याला "राहू दे" म्हणू नका. दार उघडा आणि त्याच्यासमोर बसा.

त्याच दुपारी जोडीदार थोरलीला डॉक्टरांकडे घेऊन गेला, पण माझ्याशी ती बरेच दिवस बोलली नाही. मला पाहिले की दुसऱ्या खोलीत जायची. मी तिला दोष देत नाही. मीही तिची मनधरणी केली नाही. पण आज सकाळी, पहिल्यांदाच बाबांशिवाय डॉक्टरांकडे जाताना, तिने स्वतः माझा पट्टा खुंटीवरून काढला. स्कूटरला हात लावला नाही. आम्ही चालत निघालो, माझ्या कमरेच्या बेताने, हळूहळू. डॉक्टरांच्या जिन्याखाली आल्यावर ती थांबली आणि खाली बसून माझ्या कानात म्हणाली, "चुगलखोरा, आज मला खूप भीती वाटतेय. जाऊ नकोस हं."

वर जायला तिला धीर व्हावा म्हणून मी तिचा हात चाटला. मग ती गेली. दारावर पाटी आहे. कुत्र्यांना आत सोडत नाहीत म्हणे. पहारेकरी दोनदा येऊन "हट, हट" करून गेला. एकदा त्याने काठीही आपटून पाहिली.

आपटू दे. माझी थोरली वर गेली आहे. ती जिन्यावरून खाली येईपर्यंत हा कुत्रा इथून हलणार नाही.